रात्र कोणाची?

मंडळी, महाशिवरात्र उलटली की महाडकरांना छबिन्याचे वेध लागतात. श्रीवीरेश्वराच्या भेटीला विन्हेऱ्याच्या झोलाईसह पंचक्रोशीतल्या देवतांच्या पालख्या येतात. ढोल घुमतात, उंच उंच सासणकाठ्या नाचतात, आणि सारे गाव रात्रभर जागे असते. त्या रात्री महाडात झोप अशी कोणाला लागत नाही, आणि झोप मोडली म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. घाटाच्या पायथ्याशी पोलादपूरच्या बाजूला शिमग्यात पालखी घरोघर जाते, तेव्हाही तोच प्रकार. लहान मूल दचकून उठले तर आई त्याला कडेवर घेऊन दारात येते. म्हणते, “बघ, देव आला.”

आता दुसरी रात्र आठवा. शेजारच्या वाडीत कसला तरी समारंभ आहे. ध्वनिक्षेपकांची भिंत उभी केली आहे. रात्रीचा एक वाजला तरी छातीत धडधड चालू आहे. घरात म्हातारे माणूस आजारी आहे, पोराची उद्या परीक्षा आहे. आपण उठतो, खिडकी लावतो, पुन्हा पडतो आणि मनातल्या मनात चरफडतो.

कान तेच, रात्रही तीच. मग पहिल्या आवाजाला आपण उत्सव म्हणतो आणि दुसऱ्याला गोंगाट, हे कसे? केवळ देवाचे म्हणून चांगले आणि माणसाचे म्हणून वाईट, असे म्हणून भागायचे नाही. कारण देवाच्या नावानेही आज तीच भिंत उभी राहते, हे आपण सगळे पाहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे लांब जावे लागेल. पण परक्या मुलखात नव्हे. महाड-पोलादपूरच्या घराघरातला एक तरी माणूस जिथे राहून आला, त्या मुंबईच्या गिरणगावात.

गिरणगाव म्हणजे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी, भायखळा हा सारा टापू. कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थाने ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी काढली. कंपनी १८५४ साली उभी राहिली आणि १८५६ साली चात्या फिरू लागल्या. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षे या टापूत धुराड्यांचे रान माजले. त्या गिरण्यांत माणसे कोठली? घाटावरची होती, उत्तरेकडची होती, पण सर्वांत जुनी आणि मोठी भरती आपल्या कोकणातली. रत्नागिरी जिल्हा, आणि आपला तेव्हाचा कुलाबा जिल्हा. भातशेती चार महिन्यांची, जमीन डोंगरउताराची, वरकस. सावकाराचे देणे मात्र बारमाही. तेव्हा घरातला एक जण शेतावर आणि दुसरा मुंबईत, ही वाटणी ठरूनच गेली. चाकरमानी हा शब्द त्यातूनच घरोघरी रुजला.

मुंबईत माणूस उतरे तो गावच्या खोलीवर. दहा बाय बाराची खोली, आणि तीत दहा-पंधरा गाववाले. जेवण खानावळवाल्या बाईकडे. खोलीत एका वेळी सगळ्यांना पाय पसरायला जागा नाही. पण त्यावर पाळ्यांचा तोडगा होता. एक दिवसपाळीला गेला की त्याच्या वळकटीवर रात्रपाळीचा माणूस निजायचा. म्हणजे गिरणगावात झोपसुद्धा पाळीने मिळे. बाकीच्यांनी तोवर काय करायचे? बाहेर पडायचे. पायरीवर, गॅलरीत, चाळीच्या चौकात, रस्त्याच्या कडेला. गिरणगावची जी रात्रीची करमणूक पुढे एवढी नावाजली, तिचे मूळ असे जागेच्या अडचणीत आहे. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून चौकात भजन उभे राहिले.

आणि करमणुकीला वेळ तरी कोठून आला? तोही आपोआप मिळालेला नाही. आरंभी गिरणी सूर्य उगवताना सुरू होई आणि मावळल्यावर बंद होई. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्या गोळा करून अर्ज केले. १८९० च्या एप्रिलात त्यांनी भरवलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेला रविवारी कुलूप लागते तेव्हा मुलांना ही हकीकत गुरुजींनी अवश्य सांगावी. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आला म्हणजे सुख आले असे आपण समजतो. पण मालकांनी त्या दिव्याच्या उजेडात कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले, आणि १९०५ साली त्याविरुद्ध कामगार चिडून उठले. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतले पुरुषाचे काम बारा तासांवर आले, १९२२ साली अकरावर, १९३४ साली दहावर. स्वराज्य आल्यावर १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. सांगायची गोष्ट अशी, की गिरणगावच्या रात्री जो ढोलकीचा आवाज उठला, तो तास तास करून मिळवलेला होता.

त्या रात्री कशा होत्या? एका चाळीच्या चौकात डबलबारी भजन चाले. दोन बुवा समोरासमोर, एकाने विचारावे, दुसऱ्याने गाण्यात उत्तर द्यावे. पलीकडच्या चौकात आपल्याकडचा जाखडी नाच, म्हणजे शक्ती-तुऱ्याचा सामना. कोठे नमन, कोठे दशावतार. तालमीत लेझीम. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि शाहिरीचा डफ चाळीचाळीतून कडाडला. १९५३ साली कायदा होऊन कामगार कल्याणाचा स्वतंत्र निधी निघाला, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धांना सरकारी आधार मिळाला. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ हा कार्यक्रम लागे, तो चाळीत एकाच्या घरी लावला तरी दहा घरांना ऐकू जाई.

परळचे दामोदर नाट्यगृह तर आपण महाडकरांनी विसरू नये असे ठिकाण आहे. ते १९२२ साली सुरू झाले. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू. कोकणातल्या गावमंडळींनी हौसेने बसवलेली नाटके आणि शक्ती-तुऱ्याचे सामने पिढ्यान्‌पिढ्या तेथे झाले. आणि त्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी सभा बोलावली, तीतून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्याचे बीज परळच्या त्या दिवाणखान्यात आहे. महाड परिषदेसाठी झटलेले लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हे पुढे मुंबईच्या कामगार चळवळीतले मोठे कार्यकर्ते झाले. दिवसा गिरणीत राबणारा माणूस सभा भरवणार ती रात्रीच. म्हणून गिरणगावच्या रात्रीला नुसती करमणूक म्हणणे पुरे होत नाही. गाणे, वाद, वर्गणी, संघटना, सारे एकाच चौकात, एकाच कंदिलाखाली चाले.

या साऱ्यात आवाज नव्हता का? होता, भरपूर होता. मागखात्यात यंत्रांचा खडखडाट नव्वद डेसिबलच्याही वर जाई. तेथे वर्षानुवर्षे काम केलेले कित्येक जण उतारवयात बहिरे होऊन गावी आले. तुमच्या वाडीतही असे एखादे आजोबा असतील, ज्यांच्याशी ओरडून बोलावे लागे. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत, ते झोपलेल्यालाही आणि नुकत्याच पडलेल्यालाही उठवीत. पण भोंग्याविरुद्ध कोणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. उलट, भोंगा वाजला नाही तर लोकांच्या पोटात गोळा येई. कारण त्या आवाजात सगळ्यांची भाकरी होती. चौकातल्या भजनातही सगळ्यांचा वाटा होता. आज तुमचे भजन, उद्या आमचे नमन. टाळ कुटणारा आणि झोपमोड होणारा हे एकमेकांना नावाने ओळखत. कोणाच्या घरी दुखणे असले तर निरोप जाई आणि ढोलकी खाली ठेवली जाई.

अर्थात सारे काही गोडच होते असे मी म्हणत नाही. मारामाऱ्या होत, दारूचे गुत्ते होते, आणि रात्रीच्या चौकात बाईमाणसाला मोकळेपणाने बसता येत नसे. सत्तेलाही रात्रीच्या गर्दीची नेहमी धास्ती वाटे. ही धास्ती जुनी आहे. पेशवाईत पुण्यात रात्रीची तोफ झाली म्हणजे रस्त्यावर हिंडायची मनाई असे, आणि सापडेल त्याला कोठडी. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या अमलात असेच पकडून कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि चिडलेल्या लोकांनी घाशीरामाचा जीव घेतला. इंग्रजी अमलात मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्‌स यांनी १९१२ च्या सुमारास मोहरमच्या रात्रींवर कडक नियम घातले. तोवर त्या रात्रींत हिंदू कामगारही नाचत असत. तेव्हा ध्यानात ठेवा, रात्रीची शांतता दोन प्रकारची असते. एक दंडुक्याने आणलेली आणि दुसरी शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी राखलेली.

मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. महाड, पोलादपूर, खेड, मंडणगडच्या एस्.टी. स्टँडवर ट्रंका घेऊन माणसे उतरू लागली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. गिरणगावात भोंगे बंद झाले. शंभर वर्षांत प्रथमच तेथली पहाट शांत झाली, आणि ती शांतता कोणालाही सोसवेना.

गिरण्या गेल्या, पण जमीन राहिली. सुमारे सहाशे एकर, आणि तीही मुंबईच्या मध्यावर! १९९१ साली सरकारने नियम केला, की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला आणि घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला द्यावा, उरलेला मालकाने वापरावा. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची, असा अर्थ आला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. मैदाने आणि घरे यांचा वाटा त्यामुळे फार आक्रसला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंगचा खेळ आणि दुकाने आली. पाठोपाठ कमला मिल, तोडी मिल, मथुरादास मिल या आवारांत कचेऱ्या आल्या, उपाहारगृहे आली, मद्यगृहे आली. जुनी विटांची भिंत, लोखंडी तुळया, उंच छप्पर हे सारे शोभेसाठी राखले आणि आत नवा बाजार मांडला. ओसाड पडलेली जुनी वस्ती पुन्हा नांदती केली, असे याचे वर्णन होते, आणि ते अगदीच खोटे नाही. हजारो तरुणांना तेथे नोकऱ्या मिळाल्या, त्यांत आपलीही मुले आहेत. दिवसभर राबून रात्री चार घटका मौज करावी, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काय? त्यांच्या आजोबांनी तेच मागितले होते.

मग बिघडले कोठे? बघा, नव्या गच्चीवर संगीत वाजते आणि कुंपणापलीकडे चाळ आहे. चाळीतल्या माणसाचा त्या संगीतात वाटा नाही. तेथल्या एका जेवणाचे बिल त्याच्या महिन्याच्या किराण्याएवढे. वाजवणारा त्याला ओळखत नाही, आणि दुखणे असल्याचा निरोप द्यायचा तर कोणाकडे द्यायचा? दारावरचा रखवालदार आत सोडत नाही. भोंग्याचा आवाज मोठा होता, पण तो त्यांचा होता. हा आवाज कदाचित त्याहून लहान असेल, पण परका आहे.

आणि प्रश्न नुसत्या झोपेचा राहिला नाही. रस्ते तेच जुने, बैलगाडीच्या काळचे. स्टेशनचे पूल कामगारांच्या वेळचे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. ते स्टेशन आता प्रभादेवी म्हणून ओळखले जाते. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे मेली. बहुतेक तरुण होती. मौज करायला आलेली आपल्यासारख्यांची लेकरे. तेव्हा जुन्या वस्तीत नवी रात्र आणताना पाहायचे ते फक्त आवाजाचे माप नव्हे. वाट आहे का, पाणी आहे का, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, हे आधी पाहायचे असते.

जानेवारी २०२० मध्ये सरकारने मुंबईतली मॉल आणि गिरण्यांची आवारे चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली, वस्तीपासून अलग असलेल्या जागांपुरती. मद्यगृहांना मात्र रात्री दीडचीच मर्यादा ठेवली. इकडे दामोदर नाट्यगृह २०२३ साली नव्या बांधकामासाठी बंद झाले आणि कलावंत-रसिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, पण दीड लाखाहून अधिक अर्जांपुढे निघालेली घरे एकदशांशाच्या आसपासच आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत मात्र १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात पहिली ५५६ कुटुंबे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेली. तेव्हा नवे ते सारे वाईट, असाही हिशेब मांडता येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षकबंधूंनी हे आकडे फळ्यावर लिहावेत. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. शाळा, दवाखाने, न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितले. सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही रात्री बारापर्यंतच, सवलत देता येते. २०१० च्या दुरुस्तीने मोठ्याने वाजणारी वाद्येही यात आली.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही, हेही मुलांना सांगावे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाचा जोर दहापट होतो, वीस वाढले म्हणजे शंभरपट, तीस वाढले म्हणजे हजारपट. म्हणजे रात्री ४५ च्या जागी ७५ डेसिबल असले, तर ते दीडपट-दुप्पट नव्हे. हजार पटींचे ते ओझे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपातल्या शाखेने २००९ साली सांगितले, की रात्री घराबाहेरचा आवाज चाळिशीच्या आत असावा. झोप वारंवार मोडली की रक्तदाब आणि हृदय यांवर ताण येतो. आपल्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत हा आकडा शंभराच्या वर मोजला गेला आहे. तेव्हा गिरणीच्या आवारातल्या गच्चीकडे बोट दाखवताना आपल्या मंडपाकडेही पाहायला हवे.

परदेशांतही हा तंटा आहे. तेथे उलटेही घडते. जुन्या वस्तीत पन्नास वर्षे गाणेबजावणे चालू असते, शेजारी नवी इमारत उठते, आणि नवे रहिवासी जुने गाणे बंद करायला निघतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली आणि इंग्लंडने २०१८ साली त्यावर एक साधे सूत्र धरले. जो मागाहून येतो, त्याने बंदोबस्त करायचा. नवी इमारत बांधणाऱ्याने आपल्या भिंती जाड कराव्यात, आणि वस्तीशेजारी नवे गाणे मांडणाऱ्याने आपला आवाज आत कोंडावा. हे सूत्र गिरणगावाला लावून पाहा. चाळ आधीची, गच्ची मागाहूनची. बंदोबस्त कोणी करायचा ते उघड आहे.

पण आपण महाडची माणसे. आपण एवढ्यावर थांबू नये. ‘आधीपासून चालत आले आहे’ हा दावा नेहमीच खरा नसतो, हे सगळ्या देशाला महाडनेच शिकवले. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरी जुन्या वहिवाटीच्या नावाखाली माणसांना पाणी नाकारले जात होते. १९२७ चा सत्याग्रह त्या वहिवाटीविरुद्ध होता. तेव्हा छबिना जुना म्हणून त्याला सारे माफ, असे म्हणता येणार नाही. विचारायचे ते एवढेच, की यात सर्वांचा वाटा आहे काय? तळे जसे कोणा एका आळीचे नाही, तशी रात्रही कोणा एकाची नाही. तिच्यातून आजाऱ्याला प्यायचे आहे, अभ्यास करणाऱ्या पोराला प्यायचे आहे, आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेल्या कामगारालाही.

हा विचार आजच का करायचा? कारण पाहुणे आपल्याकडे निघाले आहेत. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत महाडजवळचा रायगड आहे आणि पोलादपूरवरून घाट चढून गेल्यावर लागणारा प्रतापगडही आहे. महाड-पोलादपूर ही त्या दोन किल्ल्यांच्या वाटेवरची गावे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, कवींद्र परमानंदांची पोलादपूरची समाधी, गांधारपाल्याची लेणी, चवदार तळे, एवढे सारे एका दिवसाच्या फिरण्यात बसते. राहण्याची घरे निघतील, खानावळी वाढतील, दिवे लागतील, गाणी वाजतील. निघू द्यात, लागू द्यात. ज्या मुलखाने शंभर वर्षे आपली माणसे दुसऱ्याच्या गावी पाठवली, त्याच्या दारात रोजगार आला तर तो नको कोण म्हणेल?

मात्र नियम आधी करावेत, गर्दी आल्यावर नव्हे. गिरणगावात तो क्रम उलटा झाला. जागा विकली, इमारती उठल्या, माणसे मेली, आणि मग चौकशी बसली. आपल्याला अजून वेळ आहे. ग्रामसभेत आणि नगरपालिकेत बसून ठरवता येईल. वर्षातल्या जागरणाच्या रात्री कोणत्या, त्यांची परवानगी आधीच मागून ठेवायची. नव्या धंद्याला परवाना देताना शेजारच्या दहा घरांना विचारायचे. वाट, पाणी आणि दुसरे दार यांची पाहणी झाल्याशिवाय दिवा लागू द्यायचा नाही. आणि दुखण्याचा निरोप द्यायचा झाला, तर तो घेणाऱ्या माणसाचे नाव दारावर लिहिलेले हवे. कायद्याला ढोल आणि ध्वनिक्षेपकांची भिंत यांतला फरक फारसा कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा. ढोल वाजवणारा दमतो आणि थांबतो, यंत्र दमत नाही.

शाळेतल्या मुलांना एक काम द्यावे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या गिरणी कामगारांना त्यांनी विचारावे, “आजोबा, चाळीत रात्री काय वाजायचे? आणि कधी थांबायचे?” ऐकलेले वहीत लिहून ठेवावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. थांबायचे कधी, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आपल्या ग्रामसभेला उपयोगी पडेल.

येत्या छबिन्याला पालखी दारात येईल, तेव्हा तुमच्या मुलाला जरूर उठवा. आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातले दुखणाईत माणूस रात्री झोपले का, तेही जाऊन विचारा.